डांबर शिकलेली सून

मला बघायला मालवणहून मंडळी आली, तेव्हा माझा एम.एस्सी.चा प्रबंध नुकताच बांधून आला होता. निळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. तो मी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, सहज दिसेल अशा बेताने उभा करून ठेवला होता. आमचं घर कोल्हापूरचं. आईने सकाळपासून मला तीनदा बजावलं होतं, "विषय विचारला तर नुसतं केमिस्ट्री म्हण. पुढे जाऊ नकोस."

मुलगा तहसील कचेरीत कारकून होता आणि कोऱ्या फायलीसारखा गप्प बसला होता. बोलण्याचं काम त्याच्या वडिलांकडे होतं. त्यांचं मालवणात बाजारपेठेत दुकान होतं, खिळे, दोर, साखळ्या, रंग, पत्रे असल्या मालाचं. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत विचारलं, "आपण नेमका कशाचा अभ्यास केलात?"

"डांबराचा," मी म्हटलं.

आई आत निघून गेली. माझे वडील खिडकीतून बाहेर बघू लागले. मी आता थांबायला हवं होतं, पण दोन वर्षं मला हा प्रश्न कोणी इतक्या आदराने विचारला नव्हता.

"म्हणजे कोळसा हवा न लागू देता तापवला की जे डांबर निघतं, त्याची रासायनिक रचना," मी पुढे गेले. "कमी आचेवर एक प्रकारचं डांबर निघतं, जास्त आचेवर दुसरं. ते का, आणि त्यात काय काय असतं, हे मी बघितलं."

मुलाच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली आणि त्यांचं शुद्ध मराठी तिथेच संपलं. "ऐकलंस गो?" ते बायकोकडे वळून म्हणाले. "चेडू डांबर शिकला! आमच्या दुकानात पिंपां भरून डांबर आसा!"

बायको शांतपणे म्हणाली, "मगे ह्या लगीन तुमच्या पिंपाशी लावतलात की झिलाशी?"

चेडू म्हणजे मुलगी आणि झील म्हणजे मुलगा, एवढं मला कळलं, आणि वाटलं, आपली चेष्टा चालली आहे. पण आठवड्याने होकाराचं पत्र आलं. नवऱ्याने पुढे मला सांगितलं की परतीच्या एस.टी.त त्याचं मत त्याला कोणी विचारलंच नाही. मुलगी घाटावरची, मासे साफ करता येत नाहीत, उंचीही बेताची, या सगळ्या हरकती सासऱ्यांनी गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत एका डांबराच्या जोरावर मोडून काढल्या होत्या.

थंडीत लग्न झालं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मला तिथल्याच ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. दुकान आमच्या घराच्या पुढच्या अंगाला होतं, मधे फक्त एक दार. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात डांबराची दोन पिंपं असत. त्या किनाऱ्यावरच्या बहुतेक लाकडी होड्यांच्या तळाला दरवर्षी डांबर लावायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा दूर राहतो. सासरे तीस वर्षं डांबर विकत होते आणि त्याबद्दल त्यांना फार अभिमान होता. नवीन पिंप आलं की झाकण उघडायचं, वर वाकायचं, डोळे मिटून एक खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "झकास!" हा विधी गिऱ्हाइकं हजर असतील तेव्हाच व्हायचा. नंतर ते खिशातली डबी काढून तपकिरीची चिमूट नाकात कोंबायचे आणि सगळा बाजार ऐकेल अशी शिंक द्यायचे.

मला ते गिऱ्हाइकांसमोर उभी करायचे. "ही माझी सून. डांबरात एम्मेस्सी." कोळी माणसं माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत. एका म्हातारीने मला जवळ घेऊन विचारलं, "बाये, दुसरा काय शिकूक मिळाला नाय तुका?"

पहिल्या मे महिन्यापर्यंत माझ्या शिक्षणाचा दुकानाला एवढाच उपयोग झाला. मे महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात, तळाचे शिंपले खरवडतात, आणि पावसाआधी डांबर लावून झावळ्यांखाली ठेवून देतात. अशाच एका सकाळी एक तांडेल दुकानात आला. तांडेल म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस. याची होडी स्वतःची होती. साठीचा, काटक, आवाज मात्र समुद्रावर वापरायचा. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. त्याने ती गल्ल्यावर उलटी केली. काळे पापुद्रे पडले, हाताच्या पंजाएवढे.

"शेटनू," तो म्हणाला, "तुमच्या डांबरान माझी होडी खाल्ल्यान."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती खिळे मोजायची थांबली.

"काय बोलतंस तू?" सासरे उठून उभे राहिले.

"गेल्या वर्सा लावलेला डांबर पापडासारखा सुटला. खालच्या दोन फळयांनी किडो शिरलो. बोट घातलंय तर आत जाता. तीस वर्सां मी हयसूनच डांबर नेतंय, असा कधी झाला नाय."

"लाकूड ओला असताना लावलं असशीत."

"मी?" तांडेलाने एवढंच म्हटलं, पण ते अशा स्वरात की सासऱ्यांनाही आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं असावं. ते त्यांनी घेतलं नाही. त्याऐवजी मान मागे वळवून हाक मारली, "सूनबाय! वायच भायर ये!"

मी आत कैरीची उडदामेथी कशी करायची ते शिकत होते. हात पुसत बाहेर आले.

"हिका इचार," सासरे तांडेलाला म्हणाले. "हिच्या शिक्षणार विद्यापीठाचो शिक्को आसा. ही सांगतली माझा डांबर खरा की खोटा."

तांडेलाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "वयनीनू, कधी होडयेक डांबर लावलात?"

"नाही."

"होडयेत बसलात?"

"एकदा. किल्ल्यावर जाताना."

"वकली ती," आतून सासूबाईंचा आवाज आला.

मला उलटी झाली होती हे खरं, पण सांगायची वेळ ती नव्हती. मी पापुद्रा उचलला. काळा, चकचकीत, ठिसूळ. माझ्या प्रबंधात दीडशे पानं होती आणि त्यातल्या एकाही पानावर हातात पापुद्रा धरून काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. वेळ काढायला म्हणून मी माल बांधायच्या कागदाचा तुकडा ओढला आणि पेन्सिलीने षटकोन काढू लागले.

"कोळशाच्या डांबरात अशी कडी असतात," मी म्हटलं. "सहा कोपऱ्यांची. एकटं असलं तर बेंझिन. दोन चिकटली की नॅप्थलीन, आपण कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवतो ना, त्या. तीन चिकटली की आणखी वेगळं. कोळसा पाचशे-सहाशे डिग्रीला तापवला तर या कड्यांना छोट्या शेपट्या लोंबत असतात. हजार डिग्रीला नेला की शेपट्या गळून पडतात आणि कडी एकमेकांना आणखी चिकटत जातात."

तांडेलाने कागद आपल्याकडे फिरवला. "ह्यां काय? मधाचा पोळा?"

"तसंच दिसतं," मी कबूल केलं. "आणि किड्याला जे सोसत नाही ते यातच असतं. आता रस्त्यावर घालतात ते डांबर. ते कोळशाचं नसतं, खनिज तेलाचं. तेल गाळून शेवटी जो गाळ उरतो तो. त्यात अशी कडी थोडी आणि लांबच लांब साखळ्या जास्त. ते चिकट असतं, पाणी अडवतं, पण किड्याला त्याचं काही वाटत नाही."

"म्हणजे डांबरां दोन आणि नाव एकच?"

"हो."

"मगे दुसरा नाव ठेवूक काय झाला होता तुमच्या शिकलेल्या लोकांक?"

सासरे मात्र खूश झाले होते. त्यांना कागदावरचं काही कळलं नव्हतं, पण माझं बोलणं भरदार वाटलं होतं. "बघलंस?" ते तांडेलाला म्हणाले. "आता ही तपासतली. माझ्या पिंपातला कोळशाचाच आसा. मी सोता वास घेवन घेतलंय."

असं ठरलं की मी तपासायचं, आणि काय निघेल ते दोघांनी मानायचं. तांडेल निघताना म्हणाला, "वयनीनू, सासऱ्याची भीड धरू नकात." सासरे म्हणाले, "धर वाटल्यास, गरज लागूची नाय."

कॉलेजला सुट्टी होती. शिपायाकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली. परीक्षा कशी करायची ते मला रात्रभर पडल्या पडल्या आठवलं होतं. कोळशाच्या डांबरात कार्बोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं असतात. डांबर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळलं की ती पाण्यात उतरतात. मग त्यात ॲनिलीनपासून केलेलं एक द्रावण घातलं की पाणी नारिंगी-लाल होतं. रस्त्याच्या डांबरात ही द्रव्यं नसतात, म्हणून रंगही येत नाही. बारावीच्या प्रयोगात मुलांकडून रंग करून घ्यायचो, त्याचंच हे भावंड. सामान सगळं होतं. फक्त ते द्रावण बर्फात ठेवून करावं लागतं, नाहीतर बिघडतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत बर्फ नव्हता.

बर्फ मासळी बाजारात होता. मी ॲल्युमिनियमचा डबा घेऊन गेले. बर्फ फोडणाऱ्या बाईने विचारलं, "कसले मासे घेतलास?"

"मासे नाहीत. डांबर गार करायचंय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि दुप्पट बर्फ दिला. अशा माणसाला नाही म्हणू नये असं तिला वाटलं असणार.

तर अशी मी, भर उन्हाळ्यात, बांगड्याच्या वासाचा बर्फ घेऊन रिकाम्या कॉलेजात परीक्षा करायला बसले. आधी तांडेलाचे पापुद्रे घेतले. उकळले, गाळले, द्रावण घातलं. पाणी नारिंगी झालं. स्वच्छ, सुंदर नारिंगी. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. डांबर कोळशाचं! सासरे खरे, तांडेल खोटा! मी धावत घरी जाऊन सांगणारच होते. पण आमचे प्रबंधाचे सर फार संशयी माणूस होते, आणि दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर आनंद झाला की आधी काहीतरी चुकलं असणार असं मलाही वाटू लागलं होतं. मी उरलेला एक पापुद्रा खिडकीत धरून बघितला. कडेला दोन थर दिसले. वरचा चकचकीत, खालचा मळकट आणि राखट. ब्लेडने ते वेगळे केले आणि पुन्हा सुरुवात केली.

खालच्या थराने रंग दिला. वरच्याने दिला नाही.

मग दुकानातल्या पिंपातून काचेच्या बाटलीत आणलेला नमुना घेतला. तोही रंग देईना. पाणी जसंच्या तसं पिवळट. तीन वेळा करून बघितलं. शेवटी थोडा नमुना पेट्रोलमध्ये टाकला. कोळशाचं डांबर पेट्रोलमध्ये धड विरघळत नाही, तळाशी काळा गाळ बसतो. हे साखरेसारखं विरघळून गेलं.

म्हणजे खालचा थर आधीच्या वर्षांचा, कोळशाच्या डांबराचा. वरचा गेल्या वर्षीचा, रस्त्याच्या डांबराचा. आणि आमच्या पिंपात आजही तेच होतं. सासऱ्यांनी एकोणतीस वर्षं चांगला माल दिला होता आणि एक वर्ष खोटा.

मी हात धुतले. नारिंगी रंग निघेना. साडीच्या पदरावरही डाग पडला होता. जी माणसं मला डांबरासाठी पसंत करून घरी घेऊन आली, त्यांना जाऊन आता काय सांगायचं, याचा विचार करत मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले.

सासूबाई मागच्या पडवीत कोकमं फोडत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय गो, कोण मेला?"

मी बाटली पुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, बूच काढलं, नाकाशी नेलं आणि परत खाली ठेवली. सगळं मिळून चार सेकंद.

"ह्यां रस्त्याचा डांबर," त्या म्हणाल्या. "स्टँडासमोर रस्तो केल्यानी तेव्हा असोच वास येय. होडयेच्या डांबराक गोळयांचो वास येता."

मी त्यांच्या समोर बसले. एक सबंध दिवस, एक डबा बर्फ, एक साडी आणि दोन वर्षांचं शिक्षण खर्चून मी जिथे पोचले होते तिथे त्या कोकम फोडता फोडता पोचल्या होत्या.

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"माका कोणी इचारल्यान? दुकानात बायल माणसान नाक खुपसलेला ह्यांका चलणा नाय." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "आणि तेंचा नाक चलणा नाय."

"म्हणजे?"

"दोन वर्सां झाली. माझ्या जेवणाक नावां ठेवूची बंद केल्यानी. करपलेली आमटी गप जेवतत. आधी माका वाटला माणूस सुधारलो. मगे एकदा दूध उतू जावन सगळा घर जळक्या वासान भरला, आणि हे थंयच बसान पेपर वाचतत. तेव्हा समाजला."

मला हसू आलं आणि मग एकदम येईनासं झालं. तो झाकण उघडून डोळे मिटून घेतलेला श्वास, ते "झकास!" मी स्वतः बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पुढे गेले. सासरे फळ्या काढत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझे नारिंगी हात बघितले.

"रंग इलो?" त्यांनी आनंदाने विचारलं.

"आला," मी म्हटलं. "पण जुन्या डांबराला. आपल्या पिंपातल्याला नाही."

ते हातातली फळी घेऊन तसेच उभे राहिले. मी थरांचं सांगितलं, पेट्रोलचं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते पिंपाकडे. मग त्यांनी फळी भिंतीला टेकवली, पिंपाजवळ जाऊन झाकण उघडलं आणि वाकून श्वास घेतला. डोळे उघडे होते या वेळी. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"काय येणा नाय," ते म्हणाले. "काऽय येणा नाय. तपकिरीन खाल्ल्यान."

"बाबा, ते ज्याने पाठवलं त्याची चूक आहे."

"पाठवल्यान तेची चूक आसाच. मुंबयसून जो दलाल पाठवी, तेणा गेल्या वर्सा लिवलेल्यान, कोळशाचो गॅस करतत तो कारखानो बंद पडलो, आता दुसरीकडसून धाडतंय. त्याच वेळाक माका समाजाक होया होता. मी पिंपार वाकलंय, काय वास येवक नाय, आणि चार माणसां उभी होती म्हणान 'झकास' म्हटलंय." ते स्टुलावर बसले. "कोणाकोणाक दिलंय मी ह्या?"

वही न बघता त्यांनी बोटांवर मोजलं. पाच होड्या. पैकी तिघांनी या वर्षाचं डांबर नुकतंच नेलं होतं, अजून लावलं नव्हतं.

मला वाटलं, आता ते मला किंवा नवऱ्याला निरोप घेऊन पाठवतील. पण त्यांनी टोपी घातली, दुकानाच्या काढलेल्या फळ्या परत लावल्या आणि मला म्हणाले, "चल. कागद-पेन्सिल घे. तां पोळा परत काढूचा लागात."

आम्ही किनाऱ्यावर गेलो. तांडेल आपल्या होडीखाली उकिडवा बसून सडलेली फळी काढत होता. त्याची बायको बाजूला जाळं शिवत होती. सासरे त्याच्यासमोर उभे राहिले. मी दिवसभर खपून केलेली ती सगळी रसायनविद्या त्यांनी एका दमात आटपली.

"तांडेला, डांबर खोटा होता. तुझा बरोबर, माझा चूक. माका वास येणा नाय, दोन वर्सां झाली, आणि मी कोणाक सांगूक नाय."

तांडेलाने हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, "शेटनू, गेल्या शिमग्याक तुमच्या दुकानात उंदीर मरान पडलेलो. चार दिवस. आमी सगळे गिऱ्हाईक नाक धरून उभे, आणि तुमी आरामात चाय पितास. तेव्हाच बायलेक सांगलंय मी, शेटचा नाक गेला."

"मगे माझ्या तोंडार कित्याक नाय बोललंस?"

"तुमी डोळे मिटून 'झकास' म्हणतास तां बघूक बरा वाटता."

सासऱ्यांना हसावं की चिडावं हे ठरवता येईना. त्यांनी फळ्या आणि नवीन डांबर दुकानातून द्यायचं कबूल केलं, वर स्वतः येऊन हाताखाली काम करायचंही. तांडेल म्हणाला, "फळयो द्या, डांबर द्या. तुमी मात्र येव नकात, कामाचो खोळंबो जातलो." पण स्वर मऊ होता. उरलेल्या चार घरीही सासरे त्याच दिवशी, उन्हात चालत जाऊन आले. एका घरी त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. बाकीच्या तीन घरी लोकांना डांबरापेक्षा नाकाच्या बातमीतच जास्त रस होता.

खरं डांबर कुठून आणायचं, हा प्रश्न उरला. मी आमच्या सरांना पत्र लिहिलं. सरांचं उत्तर आठ दिवसांत आलं. कोळशापासून कोक करणाऱ्या एका भट्टीचा पत्ता होता आणि खाली दोन ओळी. 'तुमच्या प्रबंधाचा कोणाला तरी उपयोग झाला हे वाचून आश्चर्य वाटलं. आनंदही झाला, पण आश्चर्य अधिक.' सासऱ्यांनी ते पत्र मला वाचून दाखवायला लावलं आणि नवऱ्याला म्हणाले, "बघ, सर किती कौतुक करतत."

मे संपता संपता ट्रकने दोन पिंपं आली. सासरे झाकण उघडून बाजूला झाले. सासूबाई पहिल्यांदाच दुकानाच्या दारातून पुढे आल्या, पदर खोचून पिंपावर वाकल्या. "ह्यां खरा," त्या म्हणाल्या. मग मी कॉलेजात जाऊन रंग करून खात्री करते म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी तो विचार सोडून दिला. जुन्या पिंपातलं डांबर सासऱ्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दरवर्षी पडणाऱ्या खड्ड्यात, खडी घालून ओतलं. तिथे ते उत्तम बसलं. नवरा म्हणाला, कचेरीने मंजूर केलेल्या रस्त्यांपेक्षा हा जास्त टिकेल. तो एरवी फार बोलायचा नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

पाऊस तोंडावर होता आणि पाचही होड्यांना घाईने डांबर लावायचं होतं. मी म्हटलं, मीही येते. इतकं शिकून एकदाही डांबर लावलं नाही, हे तांडेलाचं बोलणं मला लागलं होतं. सकाळी दहा वाजता, ऊन चांगलं चढल्यावर, मी किनाऱ्यावर गेले, तेव्हा बाकीच्यांचं काम उरकत आलं होतं. तांडेलाच्या बायकोने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली.

"तोंडाक, हाताक चोळा. आणि पदर डोक्यार घेया."

"कशाला?" मी म्हटलं. "मला डांबराची सवय आहे."

प्रयोगशाळेत मला डांबराची सवय होती, बंद खोलीत, काचेच्या नळीत, चिमटीएवढ्या डांबराची. इथे डांबर कढईत तापत होतं, त्याची वाफ तोंडावर येत होती आणि वर मे महिन्याचं ऊन. दोन तास मी काथ्याच्या कुंच्याने होडीचा तळ रंगवला आणि स्वतःवर फार खूश झाले. दुपारी घरी आले तेव्हा तोंड हुळहुळत होतं. संध्याकाळपर्यंत गाल, नाक, मनगटं लालभडक झाली, मिरची चोळल्यासारखी आग होऊ लागली. आरशात बघून मला रडू आलं.

आणि मग आठवलं. तीन कड्यांची जी द्रव्यं डांबरात असतात, ती कातडीवर बसली आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. हे मला माहीत होतं. प्रबंधात त्यावर एक सबंध परिच्छेद होता, माझ्याच शब्दांत, संदर्भासह.

सासूबाईंनी कोरफडीचं पान चिरून गर तोंडावर थापला. "पुस्तकात नव्हता गो ह्यां?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी म्हटलं.

"मगे?"

मी दुसरा गाल पुढे केला. त्या एवढ्या हसल्या की कोरफडीचं पान हातातून सुटलं. सासरे काय झालं म्हणून आत आले, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. नवऱ्याने मात्र जन्मात पहिली कोटी केली. म्हणाला, आता साडीवरचा डाग आणि तोंड एका रंगाचं झालं.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. शेजारणी समाचाराला येत आणि बघून घेत. तिसऱ्या दिवशी कातडी सोलायला लागली होती, पण आभाळ भरून येत होतं आणि दोन होड्या राहिल्या होत्या. मी पहाटे उठले, सासूबाईंकडून तेल मागून घेतलं, नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला आणि डोक्याला पंचा गुंडाळून निघाले. किनाऱ्यावर सगळे आधीच आले होते. ऊन वर यायच्या आत काम उरकायचं असतं, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तांडेलाच्या बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पंच्याची गाठ घट्ट करून दिली.

आठपर्यंत मी माझ्या वाट्याचा तळ पुरा केला. मागे सरून बघितला. काळा, एकसारखा, ओला चकचकीत. तांडेल आला, वाकला आणि तळाच्या कण्याजवळ, जिथे माझी नजर पोचली नव्हती तिथे बोट लावलं. बोट कोरडंच परत आलं.

"वयनीनू," त्याने कुंचा पुन्हा माझ्या हातात दिला, "हयसर रवला."

मी वाळूत गुडघे टेकले आणि होडीखाली शिरले.